रविवारची शब्दशः नोंद

काचीगुड्याच्या त्या घरात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक काकांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि एक आडवी वही मांडीवर घेतली. मी काय काम करतो, किती दिवस राहणार, शाकाहारी आहे का, असं ते विचारत होते आणि माझी उत्तरं पेन्सिलीनं लिहून घेत होते. कागदावर अक्षरं दिसत नव्हती, नुसत्या रेघा, ठिपके आणि वळणं. मला वाटलं, म्हातारा विसराळू असेल.

तीन महिन्यांनी मी वरच्या माझ्या खोलीतून खाली जाऊन तक्रार केली की रविवारी दुपारी टीव्हीचा आवाज फार येतो. काका आत गेले, वही घेऊन आले, पान काढलं आणि सपाट आवाजात वाचलं, "मी, म्हणजे, फारसा घरी नसतो. आणि आवाजाचं म्हणाल तर, हं, न्यूजरूममध्ये काम करतो, मला आवाजाचं काही नाही."

ते "हं"सुद्धा त्यांनी लिहिलं होतं. मी वर निघालो तेव्हा म्हणाले, "आवाज वर येतो त्यापेक्षा तुम्हीच खाली या. चहा असतो."

असा मी रविवारच्या बैठकीत दाखल झालो, आणि पुढची सहा वर्षं, ड्युटी नसेल त्या प्रत्येक रविवारी, चार ते सात त्या हॉलमध्ये बसलो. काका जाऊन आता दोन वर्षं होतील. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, तिथं शेजारी काय बघतात ते मला माहीत नाही. टीव्हीवर कोण काय बोललं ते त्याच दिवशी विसरतो. पण त्या हॉलमध्ये कोण काय बोललं ते मला अजून सांगता येईल, कारण ते मी दोनदा ऐकलेलं आहे.

काका शहरातल्या एका न्यायालयातून स्टेनोग्राफर म्हणून निवृत्त झाले होते; वहीतल्या त्या रेघा म्हणजे त्यांची लघुलिपी. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात परभणीकडून आले, तेव्हापासून घर इथलंच. मराठी बोलताना "हो"च्या जागी मध्येच इथलं "हौ" म्हणत. बैठकीला कायमची माणसं पाच. काका, काकू, समोरचे रावगारू, वरच्या मजल्यावरची सायली आणि मी. रावगारू, म्हणजे तेलुगूत रावजी, रेल्वेत गार्ड होते. सायली पुण्याची, हायटेक सिटीत नोकरीला. तिचा नवरा रविवारी झोपत असे, म्हणून ती एकटी येई.

बैठकीचा क्रम ठरलेला होता. आधी खऱ्या गुन्ह्यावरच्या माहितीपटाचा एक भाग. मग चहा आणि मिरची भजी. मग गाण्याची स्पर्धा. रिमोट काकांकडे. माहितीपट अर्ध्यावर आला की ते तो थांबवत आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारत. कुणी केलं? आणि असं का म्हणता? आपण बोलायचं, ते लिहायचे. स्वतः काही बोलायचे नाहीत. पुढच्या रविवारी, टीव्ही लावण्याआधी, मागच्या बैठकीची नोंद वाचली जाई.

ती ऐकणं अवघड होतं. "सायली. नवराच असणार. म्हणजे बघा ना काका, चेहराच तसा आहे. म्हणजे, शांत आहे ना, शांत माणसं अशीच असतात. भजी घेऊ का अजून?" काका हे सगळं एका सुरात वाचत, भज्यांसकट. सायली म्हणाली, असं वाचलं की मी फार मूर्ख वाटते. काका म्हणाले, "मी चढवत नाही, उतरवतही नाही. होतं तसं वाचतो." त्यानंतर दोन रविवार ती विचार करून बोलली. तिसऱ्या रविवारी पुन्हा चेहऱ्यावर आली.

रावगारूंचा निकाल पहिल्या दहा मिनिटांत लागे. त्यांचं कारण बहुधा एकच असे, "उनोच है, पक्का." मागच्या रविवारी पक्का असलेला माणूस निर्दोष निघाला, हे काकांनी वाचून दाखवलं तरी त्यांना वाईट वाटत नसे. म्हणायचे, "काकागारू, वो नहीं तो उसका भाई होंगा." काका तेही लिहून घेत.

गाण्याच्या स्पर्धेला मात्र वही बंद होई आणि काका आपली खुर्ची उलटी फिरवून टीव्हीकडे पाठ करून बसत. समोर भिंत आणि तिच्यावर किराणा दुकानाचं कॅलेंडर. त्यांचं म्हणणं, गाणं कानांचं काम आहे, दिवे आणि कपडे बघितले की कान आळशी होतात. रावगारू तीन फोनांवरून मत देत, स्वतःच्या, बायकोच्या आणि जावयाच्या. त्यांचं मत नेहमी तेलंगणातल्या मुलाला. काकूंनी एकदा त्यांना विचारलं, तुम्ही गाणं ऐकता की गाव बघता? रावगारू म्हणाले, "दोनों देखतूं अम्मा. गाव पहले." काकू तासभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पण चहा दिला.

काका कुणालाही मत देत नसत. सायलीनं एकदा त्यांच्या हातात फोन ठेवला आणि म्हणाली, एक बटण तर दाबायचंय. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "स्टेनोला मत नसतं," म्हणाले. सगळे हसले. ते हसले नाहीत.

माझं काम तेव्हा एका वृत्तसंस्थेच्या डेस्कवर होतं. बातमीदारांनी पाठवलेली आठशे शब्दांची बातमी तीनशेची करायची. काका रोज जिन्यात भेटले की विचारत, आज काय कापलं? मला तो विनोद वाटे. एकदा मी सांगितलं की मुसी नदीच्या काठावर घरात पाणी शिरलेल्या एका म्हातारीचं बोलणं चार वाक्यांचं होतं, मी एक ठेवलं. त्यांनी विचारलं, उरलेली तीन कोणती? मला आठवेनात. सकाळीच वाचली होती आणि दुपारी आठवत नव्हती. काका वळून घरात गेले. काकू दारात उभ्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, त्यांना अर्धं बोलणं सहन होत नाही. आधी असे नव्हते, नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत हे लागलं.

पाचव्या वर्षी स्पर्धेत चिक्कडपल्लीची एक मुलगी आली. प्रणिता. वय बावीस-तेवीस. ती तेलुगूत बोलली, हिंदीत गायली आणि आईबद्दल विचारलं तेव्हा म्हणाली, घरी आम्ही मराठी बोलतो. आमच्या हॉलमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा एकमत झालं. रावगारूंना ती तेलंगणाची म्हणून हवी होती, काकूंना मराठी म्हणून, सायलीला ती खरंच चांगली गाते म्हणून. काकांनी भिंतीकडे तोंड करून मान डोलावली. तिची आई एकदाही प्रेक्षकांत दिसली नाही. इतरांच्या आया पहिल्या रांगेत असत.

त्याच महिन्यात शहरातल्या एका जुन्या खटल्यावरचा माहितीपट आला. चार भाग. आपल्या गावातलं म्हणून आम्ही तो उत्साहानं लावला. बेगम बाजारात मसाल्याच्या दुकानात काम करणारा एक तरुण घरच्या संपमध्ये, म्हणजे अंगणाखालच्या पाण्याच्या टाकीत, मेलेला सापडला होता. बायकोवर खुनाचा खटला चालला. ती पुराव्याअभावी सुटली. या गोष्टीला वीस वर्षं उलटली होती. पडद्यावर तिचं नाव बदललं होतं, चेहरा झाकला होता.

माहितीपटाचा सगळा भार एका कागदावर होता. खटल्यात साक्षीपुरावा झाला की न्यायाधीश आरोपीला त्याच्याविरुद्ध आलेली एकेक गोष्ट सांगतात आणि त्यावर त्याचं म्हणणं विचारतात. उत्तर नोंदलं जातं, बहुधा दोन-तीन शब्दांत. पडद्यावर तो टाइप केलेला इंग्रजी कागद आला. प्रश्न असा होता की, शेजारी सांगतात, नवऱ्याचं प्रेत बाहेर काढलं तेव्हा तुम्ही रडला नाहीत, यावर काय म्हणणं आहे? खाली उत्तर होतं, हे खरं आहे. मागे एका बाईच्या थंड आवाजात ते वाक्य वाचलं गेलं. दुसऱ्या भागात हा कागद तीनदा दाखवला.

तिसऱ्यांदा आला तेव्हा काकांनी चित्र थांबवलं आणि नेहमीचे प्रश्न विचारले. रावगारू म्हणाले, पक्का. काकू म्हणाल्या, नवरा असा पाण्यातून काढला आणि बाईच्या डोळ्यांत टिपूस नाही, हे काय माणसाचं लक्षण? सायली म्हणाली, पुराव्याअभावी सुटली म्हणजे केलं नाही असं होत नाही. मी म्हणालो, शेजाऱ्यांचं सोडा, कोर्टाच्या कागदावर तिचं स्वतःचं उत्तर आहे.

काकांची पेन्सिल थांबली. माझं वाक्य त्यांनी पुन्हा बोलायला सांगितलं. मी बोललो. त्यांनी लिहिलं.

पुढच्या रविवारी नोंद वाचली गेली नाही. वही सापडत नाही, असं काका म्हणाले. वही त्यांच्या मांडीवर होती.

त्यानंतरच्या मंगळवारी एका वेबसाइटनं छापलं की माहितीपटातली ती बाई म्हणजे प्रणिताची आई. दुपारपर्यंत ते सगळीकडे गेलं. स्पर्धेच्या पानावर लोक मुलीलाच विचारत होते, आईनं गळा शिकवला की गळा दाबायला शिकवलं? मनोरंजनाच्या बातम्या बघणाऱ्या माझ्या सहकाऱ्याकडून बाकीचं कळलं. मुलीला वडील संपमध्ये बुडाले एवढंच माहीत होतं. खटल्याचं माहीत नव्हतं. तिनं माहितीपट पाहिला होता, स्पर्धकांच्या खोलीत सगळ्यांबरोबर बसून. आपल्याच आईबद्दल आहे हे न कळता तीही म्हणाली होती की ही बाई दगड आहे. आता ती मैत्रिणीच्या हॉस्टेलवर गेली होती. गुरुवारच्या शूटिंगला येणार नाही आणि घरीही परत जाणार नाही, असं तिनं कळवलं होतं. आईचा फोन ती उचलत नव्हती.

घरी आल्यावर मी हे काकूंना सांगितलं. पाच मिनिटांत काका वर माझ्या खोलीत आले. इतक्या वर्षांत ते कधी वर आले नव्हते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. त्या खटल्यात स्टेनो तेच होते. न्यायाधीश तेलुगू, वकील हिंदीत बोलणारे. बाई आदिलाबादकडच्या खेड्यातली. तोवर तुटक हिंदीत उत्तरं देत होती. रडण्याचा प्रश्न आला तेव्हा तिचं हिंदी संपलं आणि ती मराठीत बोलली. न्यायाधीशांना कळेना. दुभाषा त्या दिवशी नव्हता. त्यांनी काकांना विचारलं, काय म्हणते? जेवणाची सुट्टी व्हायला आली होती, सकाळपासून हात चालू होता. काकांनी तीन शब्द सांगितले, "नहीं रोई बोलती." न्यायाधीशांनी उत्तर लिहायला सांगितलं, "हे खरं आहे." तिला इंग्रजी येत नव्हतं. तिनं अंगठा केला.

"ती सुटली," काका म्हणाले. "म्हटलं, त्या वाक्यानं काही बिघडलं नाही. मग कुठं थांबायचं ते मला कळेना झालं. सगळ्यांचं सगळं लिहायला लागलो." त्यांनी हातातली जुनी वही दाखवली. नियमानं ती कचेरीत जमा व्हायला हवी होती. "ती बोलत होती तेव्हा माझा हात लिहीत होता. तोंडानं कापलं, हातानं नाही. तिचा पत्ता मिळेल?"

मी म्हणालो, मिळेल.

बुधवारी सकाळी आम्ही रिक्षानं चिक्कडपल्लीला गेलो. माझ्या सहकाऱ्यानं मुलीला निरोप दिला होता. ती एवढंच म्हणाली होती की अकरा वाजता कपडे न्यायला येईन, ज्याला बोलायचं त्यानं तेव्हा बोला. दार आईनं उघडलं, साखळी न काढता. कॅमेरा नाही हे दाखवायला मी दोन्ही हात पुढे केले. काका म्हणाले, "बाई, मी कोर्टात न्यायाधीशांच्या खाली बसून लिहीत होतो."

तिनं त्यांचा चेहरा निरखला. "मराठी साहेब," म्हणाली आणि साखळी काढली.

दोन खोल्यांचं घर. ती आसपासच्या नोकरदारांना डबे देत असे. स्वयंपाकघरात डबे धुऊन पालथे घातलेले होते आणि त्या सकाळी त्यांत काही भरलेलं दिसत नव्हतं. लोकांनी घेणं बंद केलं होतं. तिनं चहाला विचारलं. काका नको म्हणाले. त्यांच्या तोंडून चहाला नकार मी पहिल्यांदा ऐकला. मग मुलगी आली. कुणाकडे न बघता आत गेली आणि बॅग भरू लागली. काकांनी खुर्ची आतल्या दाराजवळ ओढली, म्हणजे दोघींना ऐकू जाईल, आणि आधी आपली चूक सांगितली, मला सांगितली होती तशी, एक शब्द कमी नाही. मग चष्मा लावला, वही उघडली आणि वाचलं. त्याच सपाट आवाजात, ज्यात ते आमची भजी आणि आमचे निकाल वाचत.

"प्रश्न. रोई नहीं, इसपे क्या बोलना है? उत्तर. लेकरू अंगावर होतं, साहेब. तापानं दोन दिस प्यालं नव्हतं, तवाच पेयला लागलं होतं. मी रडले असते तर त्यानं सोडलं असतं. म्हनलं, पिऊ दे आधी."

बॅगेची चेन अर्ध्यावर थांबली होती. आई काकांकडे बघत होती. तिचा चेहरा एखाद्या परक्या बाईची हकीकत ऐकावी तसा होता.

"मी असं बोलले होते?" तिनं विचारलं.

"शब्दशः," काका म्हणाले.

ती म्हणाली, मला आठवत नव्हतं. सासरची माणसं हिच्या पाठीमागे कोर्टाचा कागद दाखवून म्हणायची, बघ, तूच लिहून दिलंस. इतकी वर्षं ऐकून मलाही वाटायला लागलं होतं, की नसेल आलं रडू. असेन मी तशी.

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. तिनं काकांना विचारलं, "मग नंतर? नंतर ती रडली का?"

काकांनी पान उलटलं, परत मागे आणलं, बोटानं ओळी पाहिल्या. "ते कुणी विचारलं नाही," ते म्हणाले.

तेव्हा मुलगी आईकडे वळली आणि तिनं विचारलं, "रडलीस का गं?"

"तू प्यालीस," आई म्हणाली. "मंग झोपलीस. तुला खाली ठेवलं अन् पोलीस आले. मंग राह्यलंच."

काकांनी वही मिटली आणि म्हणाले की हे सगळं मी लिहून देईन, माहितीपटवाल्यांना, वाहिनीला, म्हणाल त्याला, सहीनिशी. मुलगी म्हणाली, "नक्को, अंकल. ते पण कापतील." मी खाली बघितलं.

मग ती आईशेजारी जमिनीवर बसली आणि फोन काढला. स्पर्धेतल्या कुणाशी तरी तेलुगूत बोलली. उद्या येते म्हणाली. पहिल्या रांगेत एक जागा ठेवा, आई येणार आहे. आई घाबरून तिचा हात ओढत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तिथं आयांना रडायला लावतात म्हनं. मी टीव्हीत बघितलंय."

"तुला नसेल रडायचं तर नको रडू," मुलगी म्हणाली.

घरी आल्यावर काकांनी काकूंकडे जेवायला मागितलं आणि दोनदा भात घेतला.

गुरुवारी चित्रित झालेला भाग रविवारी लागला. तोवर काकूंना, सायलीला आणि रावगारूंना सगळं कळलं होतं. त्या दिवशी गुन्ह्याचा माहितीपट लावा असं कुणी म्हणालं नाही. प्रणिता गायला तिसरी आली आणि चांगली गायली, फार चांगली नाही. वरची पट्टी तिला झेपली नाही. पुढच्याच आठवड्यात ती स्पर्धेतून बाहेर पडली, रावगारूंची तिन्ही मतं असूनही. पण तो पुढचा आठवडा. त्या रविवारी गाणं संपल्यावर कॅमेरा पहिल्या रांगेत तिच्या आईवर गेला. मागे व्हायोलिन सुरू झालं. सूत्रसंचालकानं माइक पुढे धरून विचारलं, अम्मा, आज मन में क्या है?

ती म्हणाली, "बेटी अच्छा गाई. ऊपर का थोडा रह गया."

व्हायोलिन चालूच होतं. कॅमेरा आणखी जवळ गेला आणि तिच्या डोळ्यांवर थांबला. ती मुलीकडे बघत बसली होती. आमच्या हॉलमध्ये सायली पुढे सरकून बसली होती, काकूंच्या हातातली किटली तशीच होती. काकांनी खुर्ची कधी फिरवली ते मी पाहिलं नाही, पण ते टीव्हीकडे तोंड करून बसले होते. कॅमेरा बराच वेळ थांबला. मग तो पुढच्या मुलाच्या आईकडे गेला.